जमिनीवर पसरलेली खोली

नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाईने नाटकच वाचायचं नाही, हा काय प्रकार? पण पडदेवालीचा तो नेम होता आणि ती तो मान ताठ करून सांगायची. राजवाडा हवाय ना? मग रुंदी सांगा, उंची सांगा, दिवे कुठून पडणार ते सांगा. राजा शेवटी मरतो की दुसरं लग्न करतो, ते तुमचं तुम्ही बघा. लेखक मंडळी यावर गाल फुगवून बसायची. बसू देत. तिच्यासारखे पडदे आसपास दुसरं कोणी रंगवत नव्हतं, त्यामुळे रुसून जाणार कुठे?

कामाची तऱ्हाच अशी होती की नाटक वाचून फायदा तरी काय होणार होता, देव जाणे. एका जुन्या गोदामात अख्खं कापड जमिनीवर ताणायचं, कडेने खिळे ठोकायचे, सरस आणि खडूचा हात द्यायचा. वाळलं की लांब काठीला कोळसा बांधून उभ्या उभ्या रेषा मारायच्या. ब्रशसुद्धा लांब दांड्याचे, झाडूसारखे. पायात मोजे घालायचे आणि चित्रावरूनच चालायचं. आता चित्राच्या पोटात उभ्या असलेल्या माणसाला चित्र दिसणार कसं? पायाखाली एखाद्या खिडकीचा कोपरा दिसतो, पुढे भिंतीचा तुकडा, बस. सगळं मिळून काय झालंय ते कळतं पडदा नाट्यगृहात दोरांनी वर ओढल्यावर, समोर खुर्चीत जाऊन बसल्यावर. तोवर डोक्याने मापं सांभाळायची आणि उरलेलं सगळं हातावर सोडायचं. पडदेवाली रंगवताना बाजारातून काय आणायचं याचा विचार करायची आणि हात आपला चालू असायचा.

तिच्या मास्तरांचा किस्सा या धंद्यात सगळ्यांना पाठ होता. मास्तरांनी उभ्या जन्मात जेवढे जिने रंगवले, राजवाड्याचे म्हणा, तुरुंगाचे म्हणा, ते सगळे गरजेपेक्षा फार उभ्या चढाचे. बघूनच धाप लागावी असे. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकदा दोन नाटकांचे पडदे शेजारी शेजारी टांगले गेले आणि कोणीतरी हसत हसत दाखवलं. मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा आमच्या घराचा जिना. वडील याच्यावरून पडले होते." आणि छत्री उचलून घरी गेले. पुढे ते जिने पट्टी लावून काढू लागले. ते अगदी बरोबर असायचे आणि त्यांच्यात काडीचा जीव नसायचा. पडदेवाली हा किस्सा रंगवून रंगवून सांगायची आणि स्वतःच जास्त हसायची.

नव्या नाटकाचं काम घारीने दिलं. घारी म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण. डोळे घारे म्हणून घारी. पुढे ती मोठी दिग्दर्शिका झाली, पेपरात तिचे हनुवटीला हात लावलेले फोटो येऊ लागले, तरी पडदेवालीच्या तोंडी ती घारीच. मध्यंतरी ती बाहेरच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आली होती. तिथे म्हणे दहा दिवस डोळे मिटून चित्रं काढायला लावली. तेव्हापासून तिच्या तोंडी एकच विषय. आपल्याला ठाऊक असतं ते मन वेगळं, आपल्या नकळत चालतं ते मन वेगळं, आणि खरं चित्र त्या दुसऱ्यातूनच वर येतं. पहिल्यातून येते ती नुसती सजावट. पडदेवाली हे सगळं ऐकायची आणि रंग ढवळत राहायची.

"एक खोली हवीय," घारी म्हणाली. "साधी, भाड्याच्या घरातली. मधोमध बंद दार. दाराखालून उजेडाची एक फट. बाकी तुझ्या मनाने."

"माझं मन कशाला मधे? एखादा फोटो दे."

"फोटो नाही. विचारही करू नकोस. हात जाईल तिकडे जाऊ दे."

"मग पाटीवर नाव कोणाचं लावणार? हाताचं?"

दोघी हसल्या. घारी त्यानंतर अधूनमधून गोदामात येऊन बसायची, उलट्या बादलीवर, चहाचा कप गुडघ्यावर ठेवून. मधेच काहीतरी सोडून द्यायची. "या घरात दिवसा सगळे कुजबुजत बोलतात हं." पडदेवाली म्हणायची, "मला काय त्याचं? कुजबुज रंगवता येत नाही." घारी मान डोलवायची आणि चहा प्यायची. आज विचार केला तर कळतं, ती तिथे गप्पा मारायला येत नव्हती. पेरायला येत होती.

पडदा टांगला तो प्रयोगाच्या आदल्याच दिवशी. सकाळची वेळ. सुतारकाका आणि दोर ओढणारी माणसं वर होती. पडदेवाली नेहमीप्रमाणे मधल्या रांगेत मधली खुर्ची धरून बसली. पडदा वर जाऊ लागला तशी आधी भिंत दिसली, मग दार, मग फरशी.

ती खुर्चीत पुढे सरकून बसली. कोणाच्या तरी घरी चुकून शिरावं आणि तिथे आपलेच कपडे वाळत असावेत, तसं तिला झालं. भिंत खांद्यापर्यंत गडद हिरवी, वर फिकट. हिरवा डबा उघडा होता म्हणून हिरवा लावला, असं तिला वाटलं होतं. डाव्या बाजूला घड्याळ काढून नेल्यावर राहतो तसा गोल पांढुरका डाग. भिंत मोकळी दिसू नये म्हणून तो टाकला होता. खिडकीच्या पडद्याची तार मधे सैल पडलेली. आणि मधोमध ते तपकिरी दार.

"बाई, दार झकास उतरलंय," सुतारकाका वरून ओरडले. "पण खाली रंग उडालेला का दाखवलाय? तिथे कोणाची लाथ-बिथ लागते का?"

"सपाट तपकिरी रंग मेलेला दिसतो हो. म्हणून जरा मोडला," ती म्हणाली. रंगवताना तिने खरोखरच तसा विचार केला होता. आता ती त्या उडालेल्या रंगाकडे बघत होती. तो जमिनीपासून जेवढ्या उंचीवर होता, तेवढ्या उंचीवर पाच वर्षांच्या पोराची मूठ येते. आणि दाराखाली उजेडाची फटच नव्हती. घारीने इतक्यांदा सांगूनही तिथे नुसता काळोख होता.

ही तिच्या लहानपणाची खोली होती. अख्खी. तिने स्वतःच्या पायांनी तुडवत, बाजाराचा विचार करत, ती रंगवून काढली होती आणि तिला पत्ता लागला नव्हता. मास्तरांची आठवण येऊन ती जराशी हसलीसुद्धा. आपलंही व्हायचं ते झालं, म्हणाली. घारीला सांगू, तिला बरं वाटेल. बिचारीच्या शिबिराचे पैसे वसूल झाले.

तेवढ्यात तालीम सुरू झाली. पडदेवाली एरवी पडदा नीट बसला की उठून जायची, पण आज तिचे पाय हलले नाहीत. एक उंचापुरा नट गुडघ्यांवर चालत आला. नाटकात तो लहान मुलगा होता. रंगवलेल्या दारासमोर बसला आणि मूठ वळून, नेमकी खाली, त्याने दोनदा ठोकल्यासारखं केलं. पडद्यामागून कोणीतरी लाकडावर दोनदा वाजवलं. टक टक. मग खोकला आला. जाड, घशातला, पुरुषी खोकला. आणि पडद्याच्या कडेने, मुलाला दिसणार नाही पण प्रेक्षकांना दिसेल अशी, फ्रॉक घातलेली एक मुलगी पुढे आली. हाताची ओंजळ तोंडावर धरून तीच खोकत होती.

दोर ओढणारे खदखदून हसले. सुतारकाकाही हसले. प्रसंग हसण्यासारखाच बसवला होता, त्यांचा काय दोष?

हसली नाही ती एकटी पडदेवाली. 

तिच्या घरचं असं होतं. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ पाचचा. घर नवीन, गाव नवीन, ओळखीचं कोणी नाही. वडील छापखान्यात रात्रपाळीला असायचे आणि दिवसभर आतल्या खोलीत झोपायचे. दार बंद, आणि आईचं कायम ओठांवर बोट. एके सकाळी वडील घरी आलेच नाहीत. त्यांनी दुसरीकडे दुसरा संसार मांडला होता. आईने रडारड केली नाही, कोणाच्या दारात गेली नाही. तिने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि नेहमीसारखं ओठांवर बोट ठेवलं. "बाबा झोपलेत."

हे धाकट्यासाठी होतं. तो बापवेडा होता. थोरलीला मात्र आईने स्वयंपाकघरात नेऊन खरं सांगितलं आणि शब्द घेतला. मग ते सोंग सुरू झालं. वडिलांचे जुने बूट सकाळी दाराशी दिसायचे, संध्याकाळी नाहीसे व्हायचे. टॉवेल ओला असायचा. ताई शिकवणीला गेलीय, असं आई धाकट्याला सांगायची आणि ताई त्या रिकाम्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेली असायची, दिवा न लावता. धाकटा दबकत दाराशी यायचा, टकटक करायचा. आतून ती दोनदा उत्तर द्यायची. खोकला तिने पांघरुणात तोंड खुपसून घोटवला होता, आणि तो इतका साधला होता की एकदा आईच दचकली. बाहेर पोरगं खुदकन हसायचं आणि पाय न वाजवता पळून जायचं.

अख्खा हिवाळा हे चाललं. मग बाबांना लांबच्या छापखान्यात बोलावलं, असं आईने सांगितलं, आणि पुढे कधीतरी ते तिकडेच तापाने गेले. धाकटा ढसाढसा रडला. रडून झाल्यावर बापाचं म्हणून त्याच्याजवळ एकच उरलं, ती टकटक. मोठा झाला, लग्न झालं, मुलगी झाली, तिलाही त्याने तेच शिकवलं. घरी चार माणसं जमली की तो ही गोष्ट सांगणार म्हणजे सांगणार. "मला बाबांचं तोंडही धड आठवत नाही. पण रात्रभर राबून आलेला माणूस, झोपमोड झाली तरी कधी ओरडला नाही. दोनदा वाजवायचेच." वडील खरे कुठे होते, जिवंत तरी होते का, हे ताईलाही माहीत नव्हतं. आईला दिलेल्या शब्दाला ती जागली होती. फक्त आई गेली त्या आठवड्यात, घारीच्या स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. घारीने तिला कुशीत घेतलं होतं. "माझ्या पोटातच राहील," म्हणाली होती.

तालीम थांबल्याबरोबर पडदेवालीने घारीला दंडाला धरून मेकअपच्या खोलीत नेलं. समोर दिवे लावलेला आरसा होता, त्यामुळे दोन घाऱ्या होत्या. एकीचंही तोंड उतरलेलं नव्हतं.

"केसाने गळा कापलास माझा, घारे."

"आधी बस. पाणी पी."

"मला पाणी नकोय. तुला मी सांगितलं होतं. आई जे कोणाला न सांगता बरोबर घेऊन गेली, ते मी तुला सांगितलं होतं."

"अगं, मी सगळं बदललंय. छापखान्याचा दवाखाना केलाय, बापाला पहारेकरी केलंय. तुमचं नाव नाही, गाव नाही. कोणाला कळणार?"

"छोट्याला कळणार."

घारीने नजर आरशाकडे वळवली. तिने त्याचा विचारच केला नव्हता असं नाही; केला होता आणि बाजूला ठेवला होता, ते तिच्या तोंडावर दिसलं. "त्याला नको आणूस," ती हळूच म्हणाली.

"नको आणू? माझ्या ताईचा पडदा, माझ्या ताईचा पडदा, म्हणून तो आठवडाभर सगळ्यांचे कान खातोय. आणि तुझं नाटक काय उद्या एकदाच होऊन संपणार आहे? आज ना उद्या तो येऊन बसणारच समोर." तिचा आवाज फाटला. "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे घारीने अगदी साधेपणाने सांगितलं.

"बरं, नाटक केलंस ते केलंस. पडदा तरी दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचास."

"दुसऱ्या कोणाला ती खोली माहीत नव्हती."

"मग मला तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तू तुझ्या मास्तरांसारखी पट्टी लावून काढली असतीस." घारी आता पुढे सरकली, तिचे डोळे चकाकू लागले. "मला ती तुझ्या आतून हवी होती. आणि बघ ना, काय आलंय! मी दाराखाली उजेड सांगितला होता. तू काळोख ठेवलास. कारण तुला माहीत होतं, आत कोणी नाही. आणि तो उडालेला रंग? तो मी सांगितला होता का? मला माहीतच नव्हता. तुलाही आठवत नव्हता. तुझ्या हाताला आठवत होता. शिबिरातून आल्यापासून मी ज्याच्याबद्दल बोलत आले, ते हेच की गं."

ती खूश होती. मनापासून खूश होती. खिसेकापूने पाकीट उघडून बघावं आणि आपल्यालाच येऊन सांगावं की काय छान पाकीट आहे हो तुमचं, तशातली गत. ती खजील झाली असती, रडली असती, दोन शब्द खोटेच का होईना माफीचे बोलली असती, तरी पडदेवालीने कदाचित गिळून टाकलं असतं. एवढी वर्षं काय थोडी होती? पण घारीचा आनंद काही केल्या गिळवेना. तिने आरशातल्या आणि आरशाबाहेरच्या, दोन्ही घाऱ्यांकडे बघितलं आणि बाहेर पडली.

जाताना ती रंगमंचावर थांबली. कोपऱ्यात काळ्या रंगाची बादली होती, तिचीच. तिने त्यातल्या ब्रशचा दांडा उचलला. एक हात मारला असता तर दार गेलं असतं, दुसऱ्या हाताला भिंत.

"काही राहिलंय का, बाई?" सुतारकाकांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. दार पुसून नाटक पुसलं जाणार नव्हतं, हे एक. दुसरं असं की तिचा हात उचलेचना. तो तिचा आजवरचा सगळ्यात चांगला पडदा होता आणि हे तिला उभ्या उभ्या दिसत होतं. त्या क्षणी तिला घारीपेक्षा स्वतःच्या उजव्या हाताची जास्त चीड आली. घारी काही झालं तरी परकी. हा हात तिचा होता, लहानपणापासून तिच्या ताटात जेवलेला, आणि तिला न विचारता तो घारीला जाऊन मिळाला होता. दोघांनी मिळून तिच्या डोळ्यांदेखत हे केलं आणि ती मेली वरून मोजे घालून चालत राहिली. दांडा बादलीत ठेवून ती निघाली.

आता एकच उरलं होतं. धाकट्याला अंधारात, चारशे माणसांच्या हशात हे कळण्याआधी आपल्या तोंडाने सांगायचं.

धाकटा दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याची खोली रस्त्याच्या बाजूला, एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर ओळीने प्लॅस्टरचे जबडे, कोणाचे कोण ते त्याचं त्यालाच माहीत. गुलाबी मेणाचा वास. ताईला दारात बघून तो जागेवरून उठलाच.

"ताई! तू आणि इकडे? उद्याची तयारी सोडून?" त्याने फळ्यांकडे हात केला. "या सगळ्यांना सांगून ठेवलंय, उद्या लवकर बंद म्हणून. कोणी तोंडातून शब्द काढला नाही."

ती हसली नाही तशी तो थांबला. तिला स्टूल दिलं. वाटेत तिने सगळं जुळवून आणलं होतं. आधी घारीने कसा दगा दिला ते सांगायचं. म्हणजे तो घारीवर भडकेल, आपणही भडकू, दोघं एका बाजूला होऊ, आणि मग त्या रागाच्या आधाराने खरी गोष्ट सांगून टाकू. पण त्याचं तोंड समोर आल्यावर जे शेवटी सांगायचं होतं तेच आधी बाहेर आलं.

"छोट्या, त्या खोलीत बाबा नव्हते रे."

"कुठल्या खोलीत?"

तिने सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत. बूट, टॉवेल, शिकवणी. पहिल्यांदा त्याला वाटलं ती नाटकाची गोष्ट सांगतेय. "हं, मग?" असं तो एकदा म्हणालाही, उत्सुकतेने. मग त्याच्या हातातलं मेण टेबलावर गेलं.

"आतून वाजवायचं कोण?"

"मी."

"आणि खोकला?"

"तोही मीच."

त्याने मान हलवली, जणू काही हिशेब लागत होता. "तापाने गेले, ते?"

"ते आईने सांगितलं. खरं काय ते मलाही माहीत नाही. दुसरीकडे राहायला गेले, एवढंच."

"म्हणजे होते. मी शाळेत होतो, कॉलेजात होतो, तेव्हा ते कुठेतरी होते."

"असतील."

"शोधलं नाहीस?"

"नाही."

बाहेरून एक गाडी गेली आणि फळीवरचे जबडे बारीकसे खुळखुळले. त्याने हात लावून ते थांबवले. मग विचारलं, "कोणाकोणाला माहीत आहे?"

"घारीला," ती म्हणाली, आणि इथे तिला वाट सापडल्यासारखी झाली. तिचं सगळं उसळून वर आलं. "तिनेच केलं रे हे. मी आई गेली तेव्हा विश्वासाने सांगितलं, तिने त्याचं नाटक केलं. वर माझ्याकडून, मला न कळवता, तीच खोली रंगवून घेतली. मी मुद्दाम नाही काढली, शपथ. मला कळलंसुद्धा नाही. माझा हातच—"

"तिचं सोड," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ती माझी कोण लागते? तिने मला काय फसवायचं?"

"छोट्या..."

"आई गेली त्याला किती वर्षं झाली, ताई? आईचा शब्द आईबरोबर संपला. तू तिला सांगितलंस. मला नाही." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "मी ती गोष्ट तुझ्यासमोर सांगायचो. दर वेळी. लग्नात सांगितली, पोरगी झाली तेव्हा सांगितली, मागच्याच महिन्यात जेवताना सांगितली. तू समोर बसून ऐकायचीस. हसायचीस. एकदा तर मला म्हणालीस, परत सांग ना, यांनी ऐकली नाहीये."

ती म्हणाली होती. खरंच म्हणाली होती. तिला ती गोष्ट त्याच्या तोंडून ऐकायला आवडायची. त्या गोष्टीतला बाप ती स्वतः होती आणि एवढं कौतुक तिचं दुसऱ्या कोणी कधी केलं नव्हतं. हे तिला आत्ता, त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. सांगायला तोंड उघडलं, पण हे त्याला कुठल्या शब्दांत सांगायचं?

"मला वाटलं, तुझ्याजवळचं तेवढं तरी राहू दे," ती शेवटी म्हणाली.

"माझ्याजवळ काय होतं? तूच होतीस." त्याने मेण परत हातात घेतलं आणि ते बोटांनी मऊ करू लागला. "आणि तो तुझा पडदा. चांगला झालाय?"

ती खोटं बोलू शकली असती. "हो," ती म्हणाली. "खूप चांगला झालाय."

"होणारच. तुझ्या हाताला सांगायचं होतं, तुलाच नव्हतं."

ती उठली. दारापर्यंत गेली. तिथून मागे वळून, कुठल्या तोंडाने कोण जाणे, तिने विचारलं, "मग उद्या येणार नाहीस ना?"

"येणार तर," धाकटा मान खाली घालून म्हणाला. "तू तिला आणखी काय काय सांगितलंयस, ते मला कळायला नको?"

आणि त्याने घासायचं मशीन सुरू केलं.